जानमाजची नक्षी कशी काढायची: आधी सजद्याचं माप, मग महिरप

दादीची जानमाज, म्हणजे नमाज पढताना अंथरायचा छोटा गालिचा, अजून आमच्या कपाटात आहे. गर्द हिरवी, मखमली, मशीनवर विणलेली. तिच्यावरची वेलबुट्टी आता धड ओळखू येत नाही, पण झीज मात्र स्वच्छ दिसते. वर मधोमध एक फिकट गोल, त्याच्या दोन बाजूंना तळहातांचे दोन, मध्यावर गुडघ्यांचे दोन मोठे, आणि खाली झालरीपाशी पायांच्या बोटांनी घासलेल्या दोन जागा. सजदा, म्हणजे नमाजेत जमिनीवर माथा टेकणं, सात अवयवांवर करावा असं हदीसमध्ये, पैगंबरांच्या वचनांत, आहे: नाकासह कपाळ, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन्ही पायांची बोटं. दादीने वर्षानुवर्षं, दिवसातून पाच वेळा, तेच सात ठिपके त्या कापडावर उमटवले.

मी पहिल्यांदा जानमाजचं डिझाइन काढायला बसले तेव्हा माझ्यासमोर पुस्तकांतल्या कमानी होत्या, ही जानमाज नव्हती. चूक तिथेच झाली. नमुना विणून आला, कमान देखणी होती, आणि भावाने त्यावर सजदा केला तर त्याचं कपाळ कमानीच्या बाहेर, वरच्या किनारीच्या जाड रेघेवर टेकलं. तेव्हापासून मी क्रम बदलला. आधी माणूस कागदावर, मग कमान, मग फुलं. खाली तोच क्रम दिला आहे. भरतकाम करणाऱ्यांना, हातमागावर किंवा जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या यंत्रमागावर) विणून घेणाऱ्यांना आणि चित्रकलेच्या मुलांना तो सारखाच लागू पडतो.

नक्षीला डोकं असतं आणि पाय असतात

साधा गालिचा कोणत्याही बाजूने बघितला तरी चालतो. त्याचा पाव भाग कागदावर काढला की बाकीचे तीन भाग आरशासारखे उलटवून मिळतात. जानमाजचं तसं नाही. तिला वर आणि खाली आहे, कारण ती दिशा दाखवते. डावी-उजवी बाजू सारखी असते, वरची-खालची नसते. म्हणून इथे पाव नव्हे, अर्धा भाग काढावा लागतो. हा फरक सुरुवातीलाच डोक्यात बसला तर पुढचं बरंच काम सोपं होतं.

वरच्या टोकाची कमान म्हणजे मेहराब, मशिदीच्या भिंतीत किब्ल्याची, म्हणजे मक्केतल्या काब्याची, दिशा दाखवणारा कोनाडा. मराठीतला ‘महिरप’ हा शब्द याच मेहराबवरून आलेला. गणपतीची महिरप आपण म्हणतो, गणितात महिरपी कंस शिकतो, आणि तो कंस आडवा करून पाहिला तर मुघल धाटणीची कमान समोर येते. कोल्हापुरात अशा कमानी बघायला लांब जायला नको. नव्या राजवाड्याचं दगडी काम पाहा, अंबाबाई मंदिराच्या गरुड मंडपातल्या लाकडी महिरपी आठवा. वही घेऊन एक दुपार फक्त कमानी काढण्यात घालवली तरी हात तयार होतो.

बाकीचे भाग थोडक्यात: कमानीच्या आतली मोकळी जागा म्हणजे मैदान, कमानीच्या खांद्यांवर उरणारे दोन तिकोनी कोपरे, आणि भोवतीची किनार. किनारीत मधला पट्टा रुंद असतो आणि त्याच्या आतून-बाहेरून बारीक पट्ट्या राखणदारासारख्या उभ्या असतात.

माप: वर्तमानपत्र, पेन्सिल आणि एक माणूस

जमिनीवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवून सहा फूट लांब पट्टा करा. घरातल्या मोठ्या माणसाला त्यावर सजद्यात बसवा आणि सातही जागांभोवती पेन्सिल फिरवा. घाई करू नका. नेहमी नमाज पढणारा माणूस शरीर जसं आपोआप ठेवतो तसंच ठेवू द्या. ‘नीट बसा’ म्हटलं की माप बिघडतं.

माझ्या भावाची उंची साडेपाच फूट. त्याच्या पायाच्या बोटापासून कपाळापर्यंत ९६ सेंमी भरले. बाजारात सर्रास मिळणारी जानमाज साधारण ७० बाय ११० सेंमीची असते. त्या ११० मधून वरची १२ सेंमीची किनार वजा केली तर उरतात ९८. म्हणजे बोटं अगदी खालच्या कडेला ठेवली तरी कपाळ जेमतेम किनारीच्या आत येणार, आणि तेही कमानीच्या निमुळत्या टोकात. पाय जरा वर सरकले की कपाळ किनारीवर. माझ्या पहिल्या नमुन्याचं नेमकं हेच झालं होतं. म्हणून आता मी मोठ्या माणसासाठी ७० बाय १२० सेंमी धरते. पुढची सगळी आकडेमोड याच मापाची आहे.

आखणी

१२० सेंमी लांब, ७० सेंमी रुंद कागद घ्या. चारही बाजूंनी १२ सेंमी किनार सोडा: कडेला १ सेंमी कोरी, मग २ सेंमीची बारीक पट्टी, ७ सेंमीचा मुख्य पट्टा, पुन्हा २ सेंमीची पट्टी. आत उरतं ४६ बाय ९६ सेंमीचं मैदान. ४६ सेंमी म्हणजे सर्वसाधारण माणसाच्या खांद्यांची रुंदी, त्यामुळे माणूस कमानीच्या आत उभा राहिल्यासारखा दिसतो. किनार रुंदीच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास असली की डोळ्याला बरी वाटते. त्याहून जाड केली तर मैदान गुदमरतं.

पायाची बोटं खालच्या कडेपासून ४ सेंमीवर येतील असं धरा. मग कपाळ १०० सेंमीवर टेकेल. त्या ठिकाणी १० सेंमी व्यासाचं एक वर्तुळ हलक्या पेन्सिलने काढून ठेवा. ही जागा शेवटपर्यंत शांत ठेवायची आहे. उभं असताना नमाजीची नजर इथेच असते, आणि सजद्यात कपाळही इथेच.

कमान

कमान ८० सेंमीच्या उंचीवर सुरू करा आणि टोक १०६ वर आणा. म्हणजे रुंदी ४६, उंची २६. कंपासने काढायची तर ८० च्या रेषेवर मध्यबिंदू घ्या आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला ३.२ सेंमीवर एकेक खूण करा. डाव्या खुणेवर कंपासचं टोक ठेवून २६.२ सेंमी त्रिज्येने उजवा कंस काढायचा, उजव्या खुणेवर ठेवून डावा. दोन्ही कंस बरोबर २६ सेंमी उंचीवर एकमेकांना भेटतात आणि टोकदार कमान तयार होते. एवढा मोठा कंपास नसला तर खिळा आणि ताण न घेणारा दोरा पुरतो.

दोराही नको असेल तर मध्यरेषेपासूनची अर्धी रुंदी मोजून ठिपके द्या. सुरुवातीला २३ सेंमी, ५ सेंमी वर २२.५, १० वर २१, १५ वर १८.३, २० वर १३.७, २३ वर ९.३, २५ वर ४.६, आणि २६ वर शून्य. हे ठिपके हाताने जोडले तरी वळण चांगलं येतं. यातला २० चा आकडा पाहा. ती उंची म्हणजेच खालून १०० सेंमी, कपाळाची जागा. तिथे कमान अजून २७ सेंमी रुंद आहे, म्हणजे कपाळाच्या वर्तुळाला दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला जागा मिळते.

मुघल महिरप हवी असेल तर हाच कंस पाया धरा. प्रत्येक बाजूचे तीन समान भाग करा आणि प्रत्येक भागात बाहेरच्या बाजूला दीड सेंमी खोल खोबण काढा. खोबण बाहेर गेल्यामुळे आतली जागा कमी होत नाही. पाकळ्या आतल्या बाजूला फुगवल्या तर कपाळाची जागा खाल्ली जाते. नवशिक्यांकडून ही चूक हटकून होते.

जाड लोकरीच्या, कमी गाठींच्या कामात गोल वळण नीट उतरत नाही. तिथे पायऱ्यापायऱ्यांची कमान घ्या. बलुची जानमाज पाहा. त्यांची मेहराब सरळ चौकोनी असते आणि आत उंटाच्या रंगाच्या जमिनीवर एक झाड उभं असतं. साधेपणात त्या कुणालाही हार जात नाहीत, आणि माझ्या मते भरतकाम शिकणाऱ्याने पहिली जानमाज त्याच धाटणीची करावी.

आत काय ठेवायचं

याबाबत माझं मत ठाम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बुखारीच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. पैगंबरांनी (स.) नक्षीदार चादर पांघरून नमाज पढली आणि नमाजेत नजर त्या नक्षीकडे गेली. नमाज संपल्यावर त्यांनी ती चादर अबू जहम यांच्याकडे पाठवून त्यांची साधी चादर मागवून घेतली. नक्षी काढणाऱ्या माणसाने हा प्रसंग उशाला घेऊन झोपावा असं मला वाटतं. नक्षी करू नये असा त्याचा अर्थ मी घेत नाही. नक्षीने नमाजीचं लक्ष स्वतःकडे ओढू नये, एवढा मी घेते.

म्हणून माझी वाटणी अशी: सगळी कलाकुसर किनारीत आणि कमानीच्या खांद्यांवर, मैदान जवळजवळ कोरं. जुन्या कारागिरांचीही एक वाट हीच होती. पश्चिम तुर्कस्तानातल्या गोर्डेसच्या कितीतरी जानमाजांत मैदान एकाच रंगाचं, मोकळं असतं आणि किनार मात्र गच्च भरलेली.

कमानीतून लोंबणारा दिवा ही फार जुनी खूण. कुरआनच्या नूर सूरेत, ३५ व्या आयतीत, कोनाड्यातल्या दिव्याची उपमा आहे, तिच्याशी हा दिवा जोडला जातो. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या उस्मानी (ऑटोमन तुर्की) दरबारी जानमाजांत तीन कमानी, सडपातळ जोडखांब आणि मधल्या कमानीत दिवा अशी रचना सापडते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तिचा एक उत्तम नमुना आहे. पुढे गावोगावच्या मागांवर नकलेची नक्कल होत त्याच दिव्याची कुठे सुरई झाली, कुठे फुलांचा गुच्छ झाला. दिवा काढायचा असेल तर साखळी एका धाग्याएवढी बारीक ठेवा आणि दिवा ८५ सेंमीच्या खाली आणा, म्हणजे कपाळाखाली फक्त एक रेघ राहते.

माणसं, पक्षी, प्राणी काढायचे नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं. अक्षरांचं मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. जानमाजवर पाय पडतात, म्हणून आयत किंवा अल्लाहचं नाव नक्षीत घेऊ नका. अरबी अक्षरांसारखी दिसणारी वेलबुट्टीही टाळा, उगाच वाचणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. काबा आणि मदिनेच्या मशिदीची चित्रं असलेल्या जानमाज बाजारात भरपूर मिळतात आणि लोक त्या श्रद्धेने वापरतात. मी ती चित्रं काढत नाही. ज्या जागेचा एवढा आदर, तिच्यावर चुकून पाऊल पडेल ही धाकधूक मला नको असते.

फुलांना बंदी नाही. तुर्की कामात ट्यूलिप फार, विशेषतः लाडिकच्या जानमाजांत लांब देठांच्या ट्यूलिपची ओळच असते. त्या फुलाचं नाव ‘लाले’, आणि अरबी लिपीत लाले आणि अल्लाह या दोन्ही शब्दांत अक्षरं तीच येतात, म्हणून त्याला विशेष मान. मुघल कामात कोनाड्याच्या मधोमध फुलांनी डवरलेलं एकच रोप असतं. तसं रोप घ्यायचं तर ते खालून ७५ सेंमीपर्यंतच वाढू द्या.

फूल ग्राफवर बसतं का?

मला चाफा हवा होता. दर्ग्याच्या अंगणातला, पाच पाकळ्यांचा. तीन दिवस झटले, पण पाच पाकळ्यांचं फूल चौकोनी घरांत नीट बसत नाही, एक पाकळी नेहमी लंगडी पडते. चार आणि आठ पाकळ्या मात्र ग्राफवर जन्मल्यासारख्या बसतात. १५ बाय १५ घरं घ्या. मधली ३ बाय ३ घरं केसर. त्याच्या चारही बाजूंना ३ घरं रुंद, ५ घरं लांब अशी पाकळी. कोपऱ्यांकडे जाणाऱ्या चार पाकळ्या पायरीपायरीने. कडेचं एक घर गडद रेघेसाठी. १ अधिक ५ अधिक ३ अधिक ५ अधिक १, पंधरा. असं एक फूल हातात बसलं की अर्धी किनार तयार झाली समजा.

किनार आणि कोपरे

जानमाज कुणी मन लावून केली आहे की नाही हे मी कोपऱ्यांवरून ओळखते. वेल धावत येते आणि कोपऱ्यात मधेच कापली जाते, हे स्वस्त मालात नेहमी दिसतं.

मुख्य पट्टा ७ सेंमी रुंद, त्यामुळे कोपऱ्यात ७ बाय ७ चा चौकोन येतो. दोन कोपऱ्यांमधली उभी पट्टी उरते १०० सेंमीची आणि आडवी ५० सेंमीची. नक्षीचा एक तुकडा १० सेंमीचा घेतला तर उभ्या बाजूला दहा आणि आडव्या बाजूला पाच तुकडे पूर्ण बसतात. काही कापावं लागत नाही. आडव्या बाजूला पाच, म्हणजे विषम संख्या असल्यामुळे तिसऱ्या तुकड्याचं फूल बरोबर कमानीच्या टोकावर येतं. कोपऱ्याच्या चौकोनात आठ पाकळ्यांचं फूल मोठं करून ठेवा. ते कोणत्याही बाजूने सारखंच दिसतं, त्यामुळे उभ्या आणि आडव्या वेलीचा तंटा तिथे मिटतो.

ग्राफ

ग्राफचं एक घर म्हणजे एक गाठ. सेंमीला ४ गाठी धरल्या तर ७० सेंमीला २८० आणि १२० सेंमीला ४८० घरं होतात. २८० ही सम संख्या, म्हणून मध्यरेषा दोन घरांच्या फटीत जाते आणि कमानीचं टोक बोथट होतं. एक घर वाढवून २८१ करा, मग टोकावर एकच गाठ येते. किनारीच्या आडव्या पट्टीतला मधला तुकडा त्यासाठी ४० ऐवजी ४१ घरांचा घ्यायचा. अर्धा भागच काढायचा असल्याने कागदावर १४१ घरं पुरतात. एका घराला २ मिमी दिले तर साधारण २८ सेंमी रुंद आणि ९६ सेंमी लांब पट्टी होते. ग्राफचे कागद चिकटपट्टीने मागून जोडा, पुढून जोडलं तर पेन्सिल घसरते.

हाताने गाठी मारायच्या तर २८१ गुणिले ४८०, म्हणजे जवळपास १ लाख ३५ हजार गाठी. दिवसाला ६ हजार धरल्या तरी २२-२३ दिवसांचं काम. कारागिराशी मोबदला ठरवताना हा हिशेब समोर ठेवा.

उभ्या-आडव्या गाठी सारख्या नसतील तर सावध राहा. आडव्या सेंमीला ४ आणि उभ्या सेंमीला ५ गाठी असतील तर २६ सेंमीच्या कमानीला १०४ नव्हे, १३० घरं लागतात. चौकोनी ग्राफवर ती उंच, सडपातळ दिसेल आणि विणल्यावर बरोबर होईल. कागदावर बरोबर दिसणारी विणल्यावर बसकी होते. इचलकरंजीत किंवा सोलापुरात जॅकार्डवर काम द्यायचं असेल तर ग्राफ काढण्याआधीच मागवाल्याला तीन गोष्टी विचारा: मशीनला (उभे धागे उचलणारे) हुक किती, इंचाला उभे-आडवे धागे किती, आणि अर्धी नक्षी उलटवून घेता येते का.

काश्मीरमध्ये गालिच्याची नक्षी सांकेतिक खुणांत कागदावर लिहिलेली असते. कारागीर ती वाचून गाठी मारतात, आणि त्या कागदाला म्हणतात ‘तालीम’. आपल्याकडे तालीम म्हटलं की लाल माती आणि घुमणारे पैलवान डोळ्यांपुढे येतात. मूळ अरबी अर्थ शिकवण, आणि तो दोन्हीकडे शाबूत आहे.

रंग

पाच रंगांच्या वर जाऊ नका. जमिनीला एक गडद, किनारीला दुसरा, रेघेला काळपट तपकिरी किंवा गडद निळा, आणि फुलांना दोन. मंजिष्ठाचा लाल आणि नीळ ही जुनी जोडी अजूनही कमी पडत नाही. पांढरी जमीन दुकानात छान दिसते, घरात महिनाभरात गुडघ्यांच्या जागी मळते. रंग ठरवताना तुकडे जमिनीवर ठेवून, उभं राहून बघा, तेही सकाळच्या उजेडात आणि रात्री ट्यूबलाइटखाली.

पांढरा रुमाल ओला करून लोकरीवर किंवा धाग्यावर वीस-पंचवीस वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर तो धागा परत करा. माझा एक लाल धागा पहिल्याच धुण्यात शेजारच्या पिवळ्यात उतरला आणि महिन्याभराचं भरतकाम गेलं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की जाड जानमाज दोन-दोन दिवस वाळत नाही आणि तेवढ्या वेळात कच्चा रंग हमखास पसरतो.

अंथरून बघा

विणायला देण्याआधी पूर्ण आकाराचा रंगवलेला कागद किब्ल्याच्या दिशेने अंथरा. कोल्हापुरातून किब्ला सरळ पश्चिमेला नाही. पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे १४ अंश, होकायंत्रावर साधारण २८४. साधा उपाय असा: पश्चिमेला ४ फूट मोजा, तिथून उत्तरेला १ फूट, आणि सुरुवातीच्या बिंदूपासून त्या खुणेपर्यंत दोरा ताणा. फोनवरचं होकायंत्र लोखंडी कपाटाजवळ भरकटतं, म्हणून खोलीच्या मधोमध बघा.

मशिदीसाठी लांब गालिचा करायचा असेल तर मात्र प्रत्येकाला वेगळी कमान देण्याचा मोह आवरा. जमातीत, म्हणजे एकत्र नमाजेत, खांद्याला खांदा लावून उभं राहायचं असतं. ७० सेंमीच्या कमानी काढल्या की माणसं आपापल्या कमानीत उभी राहतात आणि मधे फटी पडतात. नुसती सफेची, म्हणजे रांगेची, रेघ पुरते. जुन्या काळी शेजारी-शेजारी कमानींचे लांब गालिचे होत, आणि विजापूरच्या जामा मशिदीच्या फरशीवर तर दोन हजारांहून अधिक मुसल्ले, म्हणजे एकेका नमाजीच्या जागा, आखलेले आहेत. औरंगजेबाने ते आखून घेतले असं सांगतात. कोल्हापुरातून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, टेप घेऊन जा आणि एका मुसल्ल्याची रुंदी मोजून या.

मुलांसाठी करताना मोठ्यांची जानमाज नुसती लहान करू नका, मुलालाच वर्तमानपत्रावर बसवा. माझी पुतणी चार फुटांची आहे, तिचं बोटांपासून कपाळापर्यंतचं माप ७१ सेंमी आलं. तिच्यासाठी ५० बाय ९० ची आखली. वरची कमान तिच्या मापाचीच ठेवली आणि खाली, पायांच्या बाजूला, १० सेंमी जमीन जास्त सोडली, कारण दोन वर्षांत तिचे पाय तिथवर पोचतील.